खुंट जगला, खोड गेलं

मर्सी आंटींनी कोवळं पान तोडलं, दोन्ही तळव्यांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. मग तेच तळवे माझ्यापुढे धरले.

"घे, वास घे."

मी घेतला. आंब्याच्या पानाचा वास होता.

"आंब्याचाच आहे की, आंटी."

"आंब्याचा हाय. आमच्या आंब्याचा नाय."

एप्रिलमधली सकाळ होती. अंधेरीला, मरोळच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात आम्ही उभे होतो. मागे पायलिंगचं मशीन जमिनीत भोक पाडत होतं, त्यामुळे बोलायचं तर ओरडून. माझ्या हातात साइटची फाइल होती. तिच्यात बारा दिवसांपूर्वी मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: आंबा, क्रमांक १४, पुनर्रोपित, जिवंत. खाली माझी सही.

माझं काम थोडक्यात सांगतो. जुनी घरं पाडून तिथे टॉवर उभा राहायचा असतो. प्लॉटवर झाडं असतात. ती मोजायची, त्यांचा घेर आणि उंची लिहायची, कुठलं राहील, कुठलं हलवावं लागेल ते ठरवायचं, परवानगीचे कागद तयार करायचे. हलवायचं झाड मुळांच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावायचं आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवायचं. शेवटी कागदावर एकच शब्द लागतो. जिवंत किंवा मृत. सव्वीस वर्षं मी हे दोन शब्द लिहितो आहे. आकडे चुकलेले मला आवडत नाहीत. घरीसुद्धा गॅस सिलिंडर कुठल्या तारखेला लावला ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो आणि बायको त्यावरून हसते.

या प्लॉटवर तेवीस झाडं होती. त्यातलं चौदावं मर्सी आंटींचं.

मर्सी आंटी तेव्हा सत्तरीच्या होत्या. तिथल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. मराठी आमच्यासारखंच, फक्त हेल वेगळा. भाऊ-बहिणींमध्ये त्या सगळ्यांत धाकट्या. लग्न केलं नाही. शाळेत शिपाई होत्या, रिटायर झाल्या. आई-वडिलांचं त्यांनीच शेवटपर्यंत केलं आणि घरही त्यांच्याकडेच राहिलं. घराच्या मागच्या अंगणात वडिलांनी लावलेला आंबा होता. वडिलांना पापा म्हणत, म्हणून घरात सगळे त्याला 'पापांचा आंबा' म्हणायचे. जात कुठली, यावर गावठाणात एकमत नव्हतं. कुणी पायरी म्हणे, कुणी फर्नांदीन. मी स्वतः फळ खाल्लं नव्हतं, त्यामुळे मी रकान्यात नुसतं 'आंबा, कलमी' असं लिहिलं होतं.

बिल्डरशी करार करताना बाकीच्या घरांनी चौरस फूट, पार्किंग, देवघर कुठे, अशा बऱ्याच अटी घातल्या. आंटींची अट एकच. आंबा मरता कामा नये. बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर पारेख. ते मला पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "दळवीभाई, ही बाई चहा पण घेत नाय. फक्त झाड विचारते. तुम्ही सांभाळा."

आंबा घराच्या अंगणातून उचलून त्याच प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात लावायचा होता. अंतर बेचाळीस मीटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही तो हलवला. महिनाभर आधी भोवती चर खणून मुळं तोडली होती. फांद्या छाटल्या, कापलेल्या तोंडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला, मुळांचा गोळा गोणपाटात बांधला आणि हायड्रा क्रेनने उचलून नव्या खड्ड्यात ठेवला. खोडालाही जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओलं गोणपाट गुंडाळलं. पुढे गोणपाट संपलं. उरलेल्या उघड्या खोडाला चुना फासायचा असतो, कारण फांद्या छाटल्या की सावली जाते आणि ऊन थेट सालीवर पडतं. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते मुंबईत वेगळं सांगायला नको. "चुना उद्या लावू," मी म्हणालो. तो उद्या पाच दिवसांनी उगवला. मला दुसऱ्या साइटवर मुलुंडला जावं लागलं होतं. हे कारण आहे, सबब नाही.

चार महिने झाड नुसत्या खांबासारखं उभं होतं. आंटींना बिल्डरने जवळच भाड्याचा फ्लॅट दिला होता. रोज सकाळी चर्चमधून येताना त्या गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करायच्या, हेल्मेट डोक्यावर ठेवायच्या आणि पाण्याची बाटली घेऊन त्या खांबापाशी जाऊन उभ्या राहायच्या. कारण विचारलं की वॉचमन सांगायचा, "आंटी पेशंट देखने आती है."

फेब्रुवारीच्या शेवटी गोणपाट फाडून कोंब आले. एक नाही, पाच. तांबूस, चकचकीत. मी टेप लावून जमिनीपासून उंची घेतली: १९, २४, २८, ३१ आणि ४० सेंटिमीटर. वहीत लिहिलं. फोटो काढले. आंटींना फोन केला, "आंटी, जगला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर फुगे आणले. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला करतात ते, मैद्याचे, गोल, तळलेले, आतून पोकळ. क्रेनवाल्यापासून सगळ्यांना दोन-दोन मिळाले. पारेखांनी डाएट मोडून तीन खाल्ले. मार्चअखेर मी अहवाल दिला. जिवंत.

आणि आता बारा दिवसांनी या बाई तळवे पुढे करून म्हणत होत्या, हा आमचा नाही.

"आंटी, पान कोवळं आहे. वास कमी येणार."

"साठ वरसं मी त्याच्याखाली भांडी घासली रे. आमचं पान चुरगळलं की कैरी कापल्यासारखा वास यायचा. याला रॉकेलचा येते. बघ ना नीट."

मी पुन्हा वास घेतला. खरं सांगतो, मला फरक कळला नाही. पण आंब्याच्या जातीजातीत पानाचा वास वेगळा असतो हे मला माहीत होतं, आणि ते मला ज्याने शिकवलं तो माणूस मला त्या क्षणी आठवला.

कॉलेज संपल्यावर माझी पहिली नोकरी आरे कॉलनीच्या बाजूला एका खाजगी नर्सरीत होती. तिथे रघुनाथ मुकादम होते. शिक्षण चौथी. बोटं सुपारीच्या सालीसारखी. पावसाळ्यात ते भेट कलमं बांधायचे. आता ती पद्धत जवळजवळ गेली, म्हणून सांगतो. आंब्याची कोय पेरली तर झाड येतं, पण फळ आईसारखंच येईल याचा भरवसा नाही. म्हणून कुठल्याही रायवळ, म्हणजे गावठी, कोयीचं रोप घ्यायचं आणि त्याच्यावर चांगल्या झाडाची फांदी जोडायची. भेट कलमात फांदी आधी कापत नाहीत. रोपाची कुंडीच उचलून झाडापाशी नेतात. झाडाभोवती बांबूचा मांडव घालतात, त्यावर कुंड्या ठेवतात, रोपाची आणि फांदीची साल थोडी थोडी तासून दोन्ही जखमा एकमेकींना लावतात आणि सुंभाने बांधतात. दोन-अडीच महिन्यांनी जखमा एकजीव झाल्या की रोपाचा शेंडा वरून कापायचा आणि फांदी खालून. झालं कलम.

अशा झाडात खालचा भाग एका झाडाचा असतो आणि वरचा दुसऱ्याचा. खालचा तो खुंट. वरचं ते खोड. मधे जिथे जोडलं तो सांधा. पंचवीस वर्षांनीसुद्धा सांध्यापाशी फुगवटा दिसतो, सालीचा पोतही बदलतो. लोक जमिनीपासून फांदीपर्यंत सगळ्यालाच खोड म्हणतात. कामापुरतं ते चालतं. पण खुंटाला फूट आली तर ती रायवळ. खोडाला फूट आली तरच तो आपला आंबा.

मुकादम नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. "वर बघून झाडाचं नाव सांगायचं नाय. आधी खाली बघ, सांधा कुठाय." मी कुठलंही कलमी झाड मोजताना शेऱ्यात सांध्याची उंची लिहायचो, ती त्यांच्यामुळे. फॉर्ममध्ये तसा रकाना नसतो. सवय म्हणून लिहायचो.

सवय म्हणून लिहायचो, हेच तर झालं. मी फाइल उघडली. सव्वा वर्षापूर्वीचा पहिला सर्व्हे काढला. क्रमांक १४. घेर ११८. उंची ७ मीटर. शेरा, माझ्याच अक्षरात: 'भेट कलम. सांधा जमिनीपासून ५५ सेंमी.'

झाड हलवल्यावर नव्या जागी माती बारा सेंटिमीटर जास्त चढली होती. तेही माझ्याकडे लिहिलेलं होतं. पंचावन्न वजा बारा, त्रेचाळीस. म्हणजे सांधा आता जमिनीपासून त्रेचाळीसवर, गोणपाटाच्या आत. कोंब १९, २४, २८, ३१, ४०.

पाचही खाली. सगळ्यांत वरचा, तोही तीन सेंटिमीटरने खाली.

तिसरीतल्या मुलाची वजाबाकी होती. आकडे दीड महिना माझ्याच फाइलमध्ये एकाच झाडाच्या नावावर पडले होते आणि मी ते एकमेकांखाली मांडले नव्हते.

मी सुरी काढली आणि गोणपाट उभं चिरलं. त्रेचाळीसवर फुगवटा होता. सुरीच्या टोकाने खाली साल खरवडली. हिरवी, ओली. वर खरवडली. तपकिरी. आणखी वर, चार ठिकाणी. काडीसारखी कोरडी. वरून उन्हाने वाळत आलेलं खोड बरोबर सांध्यापाशी येऊन थांबलं होतं. नेहमी असंच होतं असं नाही. इथे झालं.

आंटी बघत होत्या. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. तरी त्यांनी विचारलं.

"मेला?"

"खाली जिवंत आहे आंटी. खुंट. वरचं खोड गेलं. म्हणजे पापांचा जो आंबा होता तो..."

"सरळ बोल ना."

"गेला. माझी चूक आहे. चुना वेळेवर लावला नाही. आणि कोंब नीट न बघता तुम्हाला जगला म्हणालो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली बाटली उघडली, होतं ते पाणी नेहमीसारखं बुडाशी ओतलं आणि हेल्मेट वॉचमनकडे देऊन निघून गेल्या. गेटवर बाहेर जाताना करायची सही राहिली. वॉचमनने मला विचारलं, "साब, आंटी का टाइम क्या लिखूं?"

दुपारी पारेखांच्या कंटेनर ऑफिसात गेलो.

"अहवाल बदलायचा आहे," मी म्हणालो.

"काय बदलायचा?"

"चौदा नंबर. खुंट जिवंत, खोड मृत."

त्यांनी चष्मा काढला. "दळवीभाई, एक सांगा. मुळं जिवंत?"

"हो."

"पानं आहेत?"

"आहेत."

"उद्या साहेब लोक बघायला आले तर त्यांना झाड दिसेल की नाय?"

"दिसेल."

"मग मेला कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कागदाच्या हिशेबाने झाड जगलंच होतं. एक खड्डा, एक मूळ, पाच फुटवे. उद्या कुणी तपासलं असतं तर माझ्या सहीवर बोट ठेवता आलं नसतं. पण आंटींच्या करारात 'आंबा' लिहिलं होतं आणि त्या आंब्याचं एक पानही त्या जागेवर उरलं नव्हतं.

"तुम्ही उद्या तुमची गाडी माझ्याकडे ठेवायला दिलीत," मी म्हणालो, "आणि मी परत देताना खालची चाकं तुमची आणि वर टेम्पोची बॉडी दिली, तर चालेल का?"

"चाकं तरी नवीन असतील ना?" पारेख हसले. मग हसायचे थांबले. "बाईला सांगितलं?"

"त्यांनीच मला सांगितलं."

"वाट लागली." त्यांनी चष्मा परत लावला. "तिची सही बाकी आहे. झाड व्यवस्थित हलवलं, माझी तक्रार नाय, असं पत्र. पुढच्या फेजला लागते. तुम्ही लिहा जे लिहायचं ते. पण नुसतं मेला म्हणून लिहून माझ्या टेबलावर आणू नका. काय करता येते ते पण लिहा."

करता येण्यासारखं एक होतं. खुंट जोरात होता. त्याच्या कोंबांवर पुन्हा कलम बांधता आलं असतं. पण त्यासाठी त्याच आंब्याची काडी हवी. तशीच नाही, तीच. आणि आम्ही छाटलेल्या सगळ्या फांद्या ऑक्टोबरातच ट्रकमध्ये भरून गेल्या होत्या. त्या दिवशी दहा काड्या ओल्या फडक्यात बांधून कुठल्याही नर्सरीत दिल्या असत्या तर काम झालं असतं. सुचलं नाही.

संध्याकाळी मी आंटींच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडंच होतं. त्या मासे साफ करत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच विचारलं, "आंटी, या आंब्याचं कलम कुणी कधी नेलं होतं का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नेलं होतं का काय विचारतोस? आमच्यात पोरगी लग्न होऊन निघाली की पापा कलम द्यायचे. लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात झाडाला मांडव बांधायचे. आम्ही समजायचो, आता हिचं ठरलं. शेजारणी पण त्याच्यावरूनच ओळखायच्या." त्या पहिल्यांदा जरा हसल्या. "माझ्यासाठी पण एकदा बांधला होता. लग्न मोडलं. ते कलम पापांनी कुणाला तरी देऊन टाकलं."

मी वही काढली.

"तीन बहिणी गेल्या," त्या बोटांवर मोजू लागल्या. "फ्लोरीचा वांद्र्याला. तिथे आता गॅरेज हाय. सेलिनचा कुर्ल्याला, तो वादळात पडला. रेजिनाचा गोराईला. रेजिना नाय आता. तिचा मुलगा हाय, नेल्सन. झाडाचं मला माहीत नाय. आठ-नऊ वरसं गेली नाय मी तिकडे."

"फोन करा ना."

"फोन काय करायचा? झाड फोनवर बोलते?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. बोरिवलीहून रिक्षा, मग खाडी ओलांडायला बोट. आंटी बोटीत फुग्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नेल्सन धक्क्यावर घ्यायला आला होता. चाळिशीचा, भाजीपाला पिकवणारा. त्याने आधी मावशीचा हात नाही, डबा धरला.

"मावशी, तू आंब्यासाठी आलीस ना? माझ्यासाठी कधी येशील?"

"तुला काय झालंय? तू काय वाळला नायस."

वाडीच्या कडेला, विहिरीच्या पलीकडे आंबा होता. उंच, भरलेला, कैऱ्या लटकलेल्या. आंटी थेट पानाकडे हात घालू लागल्या. मी म्हणालो, "थांबा. आधी खाली."

मी गवत बाजूला केलं. सांधा होता. जमिनीपासून ६२ सेंटिमीटर. खाली साल खडबडीत, वर बारीक भेगांची. सांध्याच्या खालून एक जाड फूट निघून वर गेली होती आणि तिच्यावरही कैऱ्या होत्या, लहान आणि गोल. म्हणजे एकाच झाडावर दोन आंबे लागले होते.

"ही फांदी आंबट लागते ना?" मी नेल्सनला विचारलं.

"हां! आम्ही म्हणतो त्या बाजूला ऊन कमी पडते."

"ऊन नाही. ती खुंटाची आहे. या झाडाची पानं तोडायची तर वरचीच."

मी सांध्याच्या बऱ्याच वरच्या फांदीचं एक पान आणि त्या खालच्या फुटीचं एक पान तोडून आंटींच्या दोन हातांत दिलं. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. त्यांनी आधी डाव्या हातातलं चुरगळलं. नाक मुरडलं, टाकून दिलं. मग उजव्यातलं. बराच वेळ तळवे नाकापाशी तसेच. नेल्सन काहीतरी बोलायला गेला, मी त्याला खुणेने थांबवलं.

"मांडवाखाली असाच वास यायचा," त्या म्हणाल्या.

उजव्या हातातलं पान सांध्याच्या वरचं होतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याहून चांगली टेस्ट मी पाहिली नाही.

पुढचं काम सोपं होतं, फक्त वेळेवर करायचं होतं, आणि या वेळी मी तारखा कॅलेंडरवर लिहिल्या. काडी कापायच्या दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून काढून टाकायची, म्हणजे तिचे डोळे, जिथून कोंब फुटतो त्या गाठी, फुगतात. जूनच्या अखेरीला, हवेत ओल आल्यावर, मी गोराईला जाऊन पंधरा काड्या आणल्या. ओल्या फडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बोटीत मांडीवर. पाच फुटव्यांवर पाच कलमं बांधली. फुटव्याचा शेंडा कापून मधे चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं, पट्टीने घट्ट बांधायचं. पायलिंगवाल्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी दोन तास मशीन बंद ठेवलं. पारेखांनीच सांगितलं होतं. ते स्वतः छत्री धरून उभे होते.

"किती जगतील?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज मी एकदा दिला होता."

आंटी रोज यायच्या. पण आता पेशंट बघायला नाही, पट्टी बघायला. तिसऱ्या आठवड्यात एक काडी काळी पडली. मग दुसरी. मग तिसरी. ऑगस्टमध्ये उरलेल्या दोघींचे डोळे उघडले. एक ३१ सेंटिमीटरच्या फुटव्यावरची, एक ४० वरची. खालचे तीन फुटवे मी काही दिवस राखले, झाडाला अन्न मिळावं म्हणून, आणि पुढच्या वर्षी छाटले. मेलेलं खोड सांध्यापाशी करवतीने कापलं. त्याचा एक ओंडका आंटींनी मागून घेतला. त्या फ्लॅटमध्ये त्यावर बसून मासे साफ करायच्या.

मी सुधारित अहवाल दिला. त्यात लिहिलं: 'मूळ कलमाचं खोड मृत. खुंट जिवंत. खुंटावर त्याच मातृवृक्षाच्या कलमापासून पुन्हा कलम केलं. दोन यशस्वी.' पारेखांनी वाचून विचारलं, "म्हणजे एका शब्दात?" मी म्हणालो, एका शब्दात लिहिलं होतं तोच अहवाल चुकला होता. त्यांनी तो तसाच पुढे पाठवला. आंटींनी त्यांच्या पत्रावर सही केली. 'माझी तक्रार नाही' या ओळीवर त्या थांबल्या. मला वाटलं आता खोडतील. त्यांनी खाली जागा होती तिथे लिहिलं, 'आंब्याला विचारून सांगेन.'

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. टॉवर उभा राहिला, आंटी चौथ्या मजल्यावर राहतात. खालून आंबा दिसतो, वरून त्याचा शेंडा. गावठाणातली निम्मी घरं गेली. मांडव बांधायला जागाही नाही आणि बांधणारेही नाहीत. रघुनाथ मुकादम जाऊनही बरीच वर्षं झाली. कुठे कलमी झाड दिसलं की मी अजून आधी खाली वाकतो आणि दर वेळी त्यांचा आवाज ऐकू येतो. एकदाच आला नव्हता. फेब्रुवारीत, ते तांबूस कोंब दिसले तेव्हा.

गेल्या मे महिन्यात आंटींचा फोन आला. "दळवी, ये. नऊ लागलेत."

मी गेलो. आंबे पिकलेले होते, गवतात ठेवलेले, नऊ. मी मोजले. त्यांनी एक कापला, पहिली फोड स्वतः खाल्ली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "तोच आहे का?"

"थांब रे," त्या म्हणाल्या, आणि दुसरी फोड खाल्ली. तिसरीही. मग बाठा चोखत बसल्या. माझ्या वाट्याला फोड आली ती चौथी.

"आंटी, तोच ना?"

"तू खा. तुला कुठे कळते."

निघताना त्यांनी एक आंबा पिशवीत घालून दिला, वर बजावलं, "कोय पेरू नको हां. भलताच येईल." घरी आल्यावर बायकोने कोय धुऊन कचऱ्यात टाकली, तेव्हा मला जरा चुटपुट लागली खरी.

माझ्या फॉर्ममध्ये आता एक जास्तीचा रकाना आहे. 'फूट सांध्याच्या वर की खाली.' पारेख त्याला 'आंटी का कॉलम' म्हणतात. झाड जगलं का, असं कुणी फोनवर विचारलं तर मी हो-नाही सांगत नाही. टेप घेऊन जातो, सांधा शोधतो, मग सांगतो.